उरलेल्या क्विल्ट ब्लॉकच्या टेबलमॅट : दान देण्याजोग्या कशा शिवाव्यात

टेबलमॅटचं नेहमीचं माप १२ × १८ इंच. तिच्यावर येणाऱ्या ताटाचा व्यास १० ते ११ इंच. त्यामुळे मॅटच्या मधोमध लावलेला ब्लॉक, म्हणजे क्विल्टसाठी (गोधडीसारख्या पांघरुणासाठी) लहान तुकडे जोडून केलेला चौकोन, कितीही देखणा असला तरी जेवताना ताटाखाली जातो, आणि नजरेला पडतात ते दोन्ही कडांचे जेमतेम चार-चार इंच. तरीही नवखा हात नेमका ब्लॉक मधोमध ठेवतो, दोन्हीकडे दोन पट्ट्या जोडतो आणि मोकळा होतो. शिवायला ते सोपं आहे, यात शंका नाही. पण ब्लॉक कडेला सरकवला तर तो दिसत राहतो आणि ताटाखाली साधं कापड येतं.

या साध्या कापडाचं महत्त्व दानाच्या मॅटमध्ये जास्तच आहे. अशा मॅट्स बहुधा वृद्धाश्रमात, रुग्णालयात किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोच जेवण देणाऱ्या संस्थेकडे जातात. दृष्टी अधू झालेल्या माणसाला गजबजलेल्या नक्षीवर ताटाची कड चटकन ओळखू येत नाही. स्मृतिभ्रंश असलेला माणूस कापडावर छापलेलं फळ खरं समजून उचलायलाही जाऊ शकतो. म्हणून मधला भाग एकरंगी किंवा अगदी बारीक छपाईचा ठेवा. ताटं बहुतेक वेळा पांढरी असतात, तेव्हा रंग मध्यम ते गडद घ्या. डागही त्यावर कमी दिसतात.

कात्री हातात घेण्याआधी

संस्थेशी एकदा बोलून घ्या. माप कोणतं चालेल (पलंगावरच्या जेवणाच्या ट्रेसाठी लहान मॅट लागू शकते), धुलाई कशी होते, जोडीने हव्यात की सुट्या, आणि कापडी वस्तू घेतात का, एवढं विचारलं तरी पुरतं. काही ठिकाणी पुसता येईल असंच साहित्य चालतं. तिथे क्विल्ट केलेली, म्हणजे थर टिपांनी एकत्र जोडलेली, मॅट नेऊन उपयोग नाही, हे वीस मॅट्स शिवून झाल्यावर कळू नये.

बटणं, मणी, टिकल्या, लोंबत्या लेस, उठावदार भरतकाम यातलं काहीही लावू नका. सुटलेलं बटण कुणाच्या तोंडात जाऊ शकतं, आणि उंचवट्यावर ठेवलेला ग्लास कलंडतो.

ब्लॉक निवडताना

क्विल्टमध्ये बसला नाही, रंग जमला नाही, माप चुकलं किंवा नमुना म्हणून एकच करून पाहिला, असे ब्लॉक मागे उरतात. म्हणजे त्यातल्या बऱ्याच ब्लॉकमध्ये काही ना काही खोट असणारच, हे धरूनच तपासणी करा.

आधी पट्टी लावून चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत पाव इंचापर्यंत फरक असेल तर ब्लॉकवर हलकं पाणी शिंपडा, हाताने ओढून गुण्यात आणा आणि वरून इस्त्री दाबा. इस्त्री घासत नेऊ नका, त्याने तो आणखी ताणला जाईल. फरक त्याहून जास्त असेल तर चारही बाजू छाटून लहान, पण काटकोनातला ब्लॉक करा.

मग ब्लॉक सपाट टेबलावर ठेवा. मधला भाग फुगून उभा राहत असेल तर त्याच्या कडा आवळल्या गेल्या आहेत. हा दोष इस्त्रीने जात नाही. क्विल्टमध्ये वरून टिपा मारून असा फुगवटा दडपता येतो, मॅटवर मात्र त्याच्या चुण्या होतात. अशा ब्लॉकचे दोन किंवा चार तुकडे करून वापरणं उत्तम.

रंग सुटतो का हे पाहायला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करा, ब्लॉकवर ठेवा आणि त्यावर गरम इस्त्री काही सेकंद दाबा. गडद लाल, निळा आणि काळा यांच्याबाबतीत ही चाचणी चुकवू नका. पांढऱ्यावर डाग उमटला तर तो ब्लॉक बाजूला ठेवा. मॅट सतत धुतली जाते, आणि एकच लाल तुकडा शेजारचं सगळं गुलाबी करून टाकतो.

ब्लॉक उलटा करून मागच्या टिपाही पाहा. टीप कापडाच्या काठापासून पाव इंच आत असायला हवी. जिथे ती काठाला अगदी चिकटून गेली आहे तिथे धुलाईत शिवण उसवणार, तेव्हा आत्ताच आतून दुसरी टीप मारा. मध्यभागी आठ-दहा टोकं एकत्र येऊन गाठीसारखा जाडपणा आला असेल तर तो भाग ग्लास ठेवण्याच्या जागी, म्हणजे वरच्या उजव्या कोपऱ्यात, येऊ देऊ नका.

मापांचा हिशेब

वरचा थर १२.५ × १८.५ इंचांचा करायचा. प्रत्येक जोडात दोन्ही कापडांची पाव-पाव इंच जागा शिवणीत जाते. म्हणून ६.५ इंचांचा ब्लॉक जोडल्यावर ६ इंचांचा होतो. पुढची सगळी मापं कापण्याची आहेत, शिवणीसह.

४.५ इंचांचे ब्लॉक मॅटसाठी सगळ्यात सोयीचे. तीन ब्लॉक एकाखाली एक जोडले की १२.५ इंच उंची मिळते. ही उभी रांग डावीकडे ठेवा आणि उजवीकडे १४.५ × १२.५ इंचांचं साधं कापड लावा. सहा ब्लॉक असतील तर दोन्ही कडांना एकेक रांग आणि मध्ये १०.५ × १२.५ इंचांचं कापड. ताट बरोबर मधल्या भागावर बसतं आणि दोन्ही रांगा मोकळ्या राहतात.

६.५ इंचांचे दोन ब्लॉक एकाखाली एक जोडा, शेजारी १२.५ इंचांचा चौकोन. सहा ब्लॉक तीन-तीनच्या दोन ओळींत जोडले तर कुठल्याही पट्टीशिवाय पूर्ण मॅट होते, पण मग ताटाखाली सगळी नक्षीच येते.

८.५ इंचांच्या ब्लॉकला वर आणि खाली २.५ × ८.५ इंचांची एकेक पट्टी, मग शेजारी १०.५ × १२.५ इंचांचं कापड.

९.५ इंचांच्या ब्लॉकला वर-खाली २ × ९.५ इंचांच्या पट्ट्या, मग शेजारी ९.५ × १२.५ इंचांचं कापड.

१२.५ इंचांचा ब्लॉक मात्र अर्धा करावा. जीवावर येतं, पण एका ब्लॉकमधून दोन मॅट्स निघतात. कापण्याआधी ब्लॉकची रचना पाहा. नऊ चौकोनांच्या रचनेत मधोमध शिवण नसते, तेव्हा सरळ कापा. ६.२५ × १२.५ इंचांचे दोन तुकडे मिळतील. प्रत्येकाशेजारी १२.७५ × १२.५ इंचांचं कापड लावलं की माप जुळतं. चार चौकोनांच्या रचनेत मात्र नेमकी मधोमध शिवण असते. तिथे कापलं तर शिवणीची दुमड कडेला येते, जाडी वाढते आणि टीपही सुटते. अशा ब्लॉकची मधली शिवण उसवा. दोन्ही अर्धे ६.५ इंच रुंद निघतील, आणि शेजारचं कापड १२.५ इंचांचं चौकोनी लागेल. दोन्ही अर्धे एकाच मॅटच्या दोन टोकांना लावायचे असतील तर मधलं कापड पहिल्या प्रकारात ७ इंच रुंद, दुसऱ्यात ६.५ इंच.

कापलेल्या कडेवर लगेच, काठापासून एक अष्टमांश इंचावर, एक टीप मारून घ्या. ब्लॉक कापताना त्यातल्या शिवणी मध्येच तुटतात आणि टोकाकडून सुटू लागतात. त्यात कड उरेब असेल, म्हणजे कापडाच्या तिरप्या धाग्यावर आली असेल, तर ती हात लावताक्षणी ताणली जाते. ही टीप दोन्ही गोष्टी थोपवते.

ब्लॉक ११.७५ सारख्या अडनिड्या मापाचा निघाला तर अपूर्णांकांच्या नादी लागू नका. वर-खाली १.५ इंच रुंदीच्या पट्ट्या जोडा, इस्त्री करा आणि सगळं मिळून १२.५ इंचांवर छाटा.

आणि एक नियम कायम पाळा : पट्टी आधी मोजून कापायची आणि ब्लॉक तिच्या मापात बसवायचा. लांब पट्टी ब्लॉकला लावत जायची आणि शेवटी उरलेली कापून टाकायची, ही सवय लागली की कडा लाटांसारख्या होतात. शिवताना पट्टी नकळत ताणली जाते आणि ब्लॉकपेक्षा वेगळ्या लांबीची लागते. दोन्ही टोकं आणि मध्य टाचणीने जुळवून मग शिवा.

अस्तर आणि मधला थर

अस्तर, म्हणजे खालचं कापड, सुती आणि १४ × २० इंचांचं. मधलं बॅटिंग, म्हणजे दोन कापडांमधला मऊ थर, हेही तेवढंच. बॅटिंग पातळ आणि सुतीच घ्या, हा मुद्दा तडजोडीचा नाही. जाड, फुगीर बॅटिंगवर ग्लास डुगडुगतो. पॉलिएस्टरचं बॅटिंग गरम भांड्याखाली आकसू किंवा वितळू शकतं. उष्णतारोधक, चकाकत्या थराचं बॅटिंगही नको. त्यात धातूचा अंश असतो आणि कुणी मॅट मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर ठिणग्या उडण्याचा धोका. बॅटिंग नसेल तर सुती फ्लॅनेलचा एक थर चालतो. जुना टॉवेल मोहात पाडतो, पण तो शिवणीत जाड होतो.

बॅटिंगचे उरलेले तुकडे जोडून वापरता येतात. दोन कडा सरळ कापून एकमेकींना टेकवा आणि मशीनच्या रुंद झिगझॅग टाक्याने शिवा. एकावर एक चढवू नका, तिथे वरंबा उठतो.

धुण्याच्या बाबतीत एकच धोरण ठेवा. ब्लॉक न धुतलेल्या कापडाचे असतील तर बाकीचं कापडही न धुता वापरा. पट्ट्या धुऊन आकसलेल्या आणि ब्लॉक कोरा असेल तर पहिल्याच धुण्यात ब्लॉक आकसतो आणि भोवती चुण्या पडतात.

पहिली मॅट : अभ्र्यासारखी उलटवून

उशीचा अभ्रा उलटवतात तशी ही पद्धत. गोट लावावा लागत नाही, म्हणून पहिल्या दोन मॅट्स अशाच करा. इथे अस्तर आणि बॅटिंग वरच्या थराच्याच मापाचे, १२.५ × १८.५ इंचांचे कापा.

१. सर्वांत खाली बॅटिंग, त्यावर अस्तर सुलट बाजू वर करून, त्यावर वरचा थर सुलट बाजू खाली करून. दोन्ही कापडांच्या सुलट बाजू समोरासमोर यायला हव्यात. हा क्रम चुकला तर उलटवल्यावर बॅटिंग बाहेर दिसतं.

२. कडेने टाचण्या लावा. खालच्या लांब बाजूला ५ इंचांची जागा खडूने दाखवून मोकळी ठेवा. ही जागा कोपऱ्याजवळ नको आणि ब्लॉकच्या शिवणीवरही नको, नाहीतर ती बंद करताना जाडपणा येतो.

३. पाव इंचावर चारही बाजूंनी टीप मारा. मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन टाके मागे-पुढे घ्या. उलटवताना सगळा ताण याच दोन ठिकाणी येतो.

४. कोपरे तिरके छाटा, पण टिपेपासून एक अष्टमांश इंच दूर राहून. मोकळी जागा सोडून बाकी शिवणीतलं बॅटिंग टिपेपर्यंत कापून टाका. हे राहिलं तर मॅटची कड जाड, गोल आणि बोजड होते.

५. उलटवा. कोपरे काढायला बोथट काडी वापरा. कात्रीच्या टोकाने कोपरा हमखास फाटतो.

६. इस्त्री करा. मोकळ्या जागेच्या कडा पाव इंच आत दुमडून टाचा आणि सगळ्या मॅटभोवती काठापासून एक अष्टमांश इंचावर टीप मारा. त्यातच ती जागा बंद होते.

मग वरून क्विल्टिंग. या पद्धतीत मोठी उणीव एकच : उलटवल्यानंतर छाटता येत नाही. सुरुवातीला तिरकं कापलेलं शेवटपर्यंत तिरकं राहतं.

क्विल्टिंग

टेबलमॅटवर कलाकुसरीची गरज नाही. दोन ते तीन इंच अंतरावर सरळ रेषा पुरेशा आहेत. त्याहून मोठी जागा मोकळी सोडली तर वारंवारच्या धुण्यात आतलं बॅटिंग सरकून गोळे होतात. टाका २.५ ते ३ मिलीमीटर, सुई ८० किंवा ९० नंबरची, आणि वॉकिंग फूट (वरचं आणि खालचं कापड एकसारखं सरकवणारा मशीनचा पाय) असेल तर तोच लावा. नसेल तर टाचण्यांऐवजी आधी कच्चा दोरा घाला. साध्या प्रेसर फूटखाली वरचं कापड पुढे ढकललं जातं, खालचं मशीनचे दात ओढून नेतात, आणि शेवटच्या कडेला झोल जमतो. रेषा मध्यापासून कडेकडे मारत जा. कडेकडून मध्याकडे आलात तर सगळा झोल नेमका ताटाच्या जागी गोळा होईल.

दुसरी पद्धत : गोट लावून

हात बसला की ही पद्धत धरा. गोट जुना झाला तर बदलता येतो, आणि मॅट क्विल्टिंगनंतर छाटता येते. क्विल्टिंगने कापड थोडं आत ओढलं जातं, पाव ते अर्धा इंच माप कमी होणं नेहमीचंच. म्हणूनच इथे अस्तर आणि बॅटिंग १४ × २० इंचांचे ठेवायचे, आणि छाटणी शेवटी करायची.

छाटलेल्या मॅटचा घेर साधारण ६२ इंच होतो. जोड आणि कोपरे धरून ७२ इंच गोट लागतो. ४० इंच पन्ह्याच्या कापडातून २.२५ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या की काम भागतं. कडा सरळ असल्यामुळे पट्टी सरळ धाग्यावरच कापा, उरेब पट्टी लागत नाही. दोन पट्ट्या काटकोनात एकीवर एक ठेवून कर्णावर शिवा, पाव इंच ठेवून जास्तीचं छाटा. सरळ जोडल्या तर जोडाची सगळी जाडी एका जागी येऊन गाठ दिसते. मग पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा.

हाताने तुरपाई करायची नसेल तर गोट आधी मॅटच्या उलट बाजूला लावा. पट्टीच्या उघड्या कडा मॅटच्या कडेशी जुळवा, लांब बाजूच्या मध्यावरून सुरुवात करा आणि पहिले ८ इंच न शिवता सोडा. कोपरा पाव इंचावर आला की थांबा, टाका पक्का करा, दोरा कापा. मॅट वळवा. पट्टी सरळ वर, मॅटपासून दूर दुमडा, तिरपी घडी पडेल. आता तीच पट्टी खाली घ्या, वरची घडी मॅटच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. तिथून पुढे शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबला नाहीत तर घडी टिपेत अडकते आणि कोपरा गोल, गुबगुबीत होतो. बिघडणाऱ्या गोटांतले निम्मे इथेच बिघडत असावेत.

सुरुवातीच्या जागेपासून साधारण ८ इंच उरले की थांबा. दोन्ही टोकं एकमेकांवर घेऊन, पट्टीच्या रुंदीइतकी, म्हणजे २.२५ इंच, एकमेकांवर ठेवून कापा. घड्या उघडून टोकं काटकोनात धरा आणि कर्णावर शिवा. कापण्याआधी पट्टीत पीळ नाही ना, हे पाहा. जोड झाल्यावर उरलेली कड शिवून टाका.

आता गोट सुलट बाजूला आणा, इस्त्री करा आणि घडीच्या अगदी काठावरून टीप मारा. पातळ बॅटिंगवर या बाजूला गोट पाव इंचापेक्षा थोडा रुंद येतो. ब्लॉकमधली त्रिकोणांची टोकं कडेपर्यंत गेली असतील तर ती गोटाखाली दबतील. टोकं पूर्ण दिसायलाच हवीत असं वाटत असेल तर गोट आधी सुलट बाजूला लावून मागे तुरपाई करा. ताटाशेजारच्या मॅटसाठी एवढा अट्टहास कशाला, हा भाग वेगळा.

अस्तराचं कापड भरपूर असेल तर वेगळा गोटही नको. वरचा थर आणि बॅटिंग १२.५ × १८.५ इंचांवर छाटा, अस्तर चारही बाजूंनी १ इंच बाहेर (म्हणजे १४.५ × २०.५ इंच) ठेवा, ते अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून वर आणा आणि टीप मारा. यात कडेचा अर्धा इंच झाकला जातो, तेव्हा ब्लॉक कडेला टेकलेला नसेल अशाच मॅटसाठी हे करा.

देण्याआधी

प्रत्येक मॅट एकदा ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, सुगंधी द्रव्य नसलेल्या साबणाने धुवा आणि वाळवा. संस्थेची धुलाई घरच्यापेक्षा कडक असते, तेव्हा उसवायचं ते तुमच्याकडेच उसवू दे. सुती कापड आणि बॅटिंग पहिल्या धुण्यात आकसतं, त्यामुळे १८.५ इंचांची मॅट १८ च्या आसपास आली तर ती बिघडलेली नाही. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेल्या जुन्या ब्लॉकचा वास एका धुण्यात जात नाही. त्यांना दोन-तीन दिवस हवेशीर जागी पसरून ठेवा.

वाळलेली मॅट टेबलावर पसरा, पाण्याने भरलेला ग्लास तिच्या चारही कोपऱ्यांवर आणि ब्लॉकच्या जोडांवर ठेवून पाहा. कुठे डुगडुगला तर तो जोड वाफेच्या इस्त्रीने दाबा. तरीही डुगडुगत असेल तर ती मॅट घरी वापरा, देऊ नका.

टाचण्या मोजून लावल्या असतील तर काढतानाही मोजा, आणि प्रत्येक मॅटवरून एकदा लोहचुंबक फिरवा. क्विल्टिंग करताना मोडलेल्या सुईचं टोक बॅटिंगमध्ये अडकून राहतं, हाताला लागत नाही. मॅट्स घडी न घालता सपाट, एकावर एक ठेवून दहा-दहाचे गठ्ठे करा, आणि उरलेल्या गोटाच्या पट्टीनेच बांधा. जोडीने मागितल्या असतील तर जोडीतल्या दोन मॅट्सचं मधलं कापड एकच ठेवा, ब्लॉक वेगळे असले तरी चालतात.